कागदाची माती

व्यंकटरावांचा हिशेब साधा होता. टरबुजाच्या वाफ्यांवर अंथरायचा मल्चिंग पेपर फुकट, त्यानं गवत दबतं म्हणून खुरपणी वाचली, आणि पीक निघाल्यावर रानातल्या प्लॅस्टिकच्या चिंध्या वेचत बसायलाही नको. कारण हा कागद मक्याच्या स्टार्चचा; काम झालं की मातीत कुजून जाणारा. त्यावर संशोधन करणाऱ्या मैथिली मॅडमची अट एकच होती. सगळा कागद एका दिवसात अंथरून झाला पाहिजे, नाहीतर गुंडाळ्या सेलूच्या शेतकऱ्याला.

घोडं अडलं माणसांपाशी. अख्खं चुडावा गाव कापूस वेचायला गेलेलं. शेवटी व्यंकटरावांनी राणीसावरगावच्या जावयाला, भागवतला, फोन लावला.

"कागदाला उद्या माती द्यायची हाय. चार माणसं घेऊन या."

कागदाच्या कडा मातीनं दाबायच्या, एवढाच त्याचा अर्थ. पण नेमकी तेव्हाच गावच्या स्टेशनातून मालगाडी भोंगा देत निघाली, आणि जावयाला 'कागदाला'च्या जागी 'काकाला' ऐकू आलं.

सकाळी टेम्पो भरून सोयरे उतरले. बायांचे पदर तोंडाला, गड्यांच्या माना खाली. मयताच्या घरी न्यायची म्हणून पिठलं-भाकरीची दुरडी, आणि भागवतच्या काखेत कोरं पांढरं कापड. व्यंकटरावांची बायको बायनाबाई दारात येते न येते तोच विहीणबाईंनी गळा काढला.

ओसरीवर व्यंकटरावांचे सीताराम काका बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली.

"कोण गेलं म्हणायचं?"

विहीणबाईंचा सूर जागच्या जागी आटला. भागवत कापड पाठीमागं लपवायला लागला. व्यंकटराव टेम्पोच्या आडवे जाऊन उभे राहिले. सोयरे रुसून माघारी फिरले, तर कागद गेलाच सेलूला.

काका मात्र ठसका लागेस्तोवर हसले. कापड मागून घेतलं, पोत चाचपून पाहिला आणि फेट्यासारखं डोक्याला गुंडाळलं.

"आता आलाच हाव, तर माती देऊनच जा. रिकाम्या हातानं गेलात तर मला लय वाईट वाटंल."

मग काय, सगळा टेम्पो रानात. मैथिली कागद पसरत पुढं, सोयरे कडांवर माती ओढत मागं. तीन-चार महिन्यांत ह्याची माती होईल, असं तिनं सांगितलं तेव्हा काकांनी बांधावरून खात्री करून घेतली की म्हणजे हा आपल्या आधी जाणार. दर वाफ्याला कुणीतरी रडण्याचं सोंग करी आणि बाकीचे हसून खाली बसत. दिवस कलायच्या आत शेवटची कड दाबली गेली. गुंडाळी एकही उरली नाही.

दुरडी बांधावरच सुटली. व्यंकटरावांनी भाकरी मोडता मोडता मनातल्या मनात जुळवलं : कागद मैथिलीचा, डिझेल भागवतचं, जेवण विहीणबाईंचं, काकांचा फेटा पुन्हा भागवतचाच. आपला नुसता चहा. ते गालात हसतायत तोवर काकांनी टेम्पोतल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं : माझ्या मातीला आलेल्या प्रत्येकानं हंगामात दोन-दोन टरबुजं न्यायची.

हंगामात टेम्पो आला. रानातला कागद बोटांत चुरत होता आणि टरबुजं अशी धरली होती की वेलांत पाय ठेवायला जागा नव्हती. टेम्पो गच्च भरून गेला. ती सगळी टरबुजं व्यंकटरावांच्या पदरची, डिझेल मात्र ह्याही खेपेला भागवतचंच.