पडद्याबाहेर

आईचं तेरावं उरकलं आणि कुमार पुन्हा सोलापूरला, त्याच दवाखान्यात आला. हातात धपाट्यांचा डबा होता. त्याच्या बायकोनं, दिपालीनं, सकाळी थापून दिले होते. फाटकातून आत शिरताच तोच फिनेलचा वास आला.

गोजाबाई, त्याची आई, शेवटी शेवटी इथंच होती. पोटात गाठ. दिपाली गावी मेंढरं आणि लेकरं सांभाळत होती, म्हणून आईजवळ तो एकटाच. पाणी पाजणं, पाय चेपणं, सगळं त्यानं केलं. पण अंथरूण पहिल्यांदा ओलं झालं तेव्हा तो लुगडं बदलायला पुढं झाला, तर आईनं उरल्यासुरल्या ताकदीनं त्याचा हात झटकला.

"तू न्हाय," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडायला लागली. तो चादरीचं टोक धरून तसाच उभा राहिला.

तेव्हा वॉर्डातल्या आया, दाक्षायणी मावशी आल्या. त्यांनी खाटेभोवती हिरवा पडदा ओढला.

"दादा, तुमी भाईर थांबा की. आमी बायका बघतो."

पुढं रोज तेच. मावशींची ड्युटी नसली तर सिस्टर यायच्या, आणि त्याही त्याला आधी बाहेर काढायच्या. पडद्याआडून आईचं कण्हणं ऐकू यायचं, मध्येच मावशींचं काहीबाही विचारणं, मेंढरं किती, सून कशी. आई गेली तेव्हाही मावशींनीच तिला पुसून, केस विंचरून, लुगडं नीट नेसवून मग त्याला आत बोलावलं. गाडी, कागदपत्रं, पाहुण्यांना फोन, या गडबडीत तो त्यांच्याशी एक शब्दही बोलला नव्हता.

मावशी जिन्याखाली भेटल्या. जागरणानं डोळे लाल, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी त्याच्याकडं नुसतंच बघितलं.

"वळखलं न्हाय व्हय? गोजाबाईचा ल्योक. खिडकीकडची खाट."

"लई पेशंट असत्यात बाबा." मग आठवून, "मेंढरंवाली? पोराला भाईर काढा म्हणायची ती?"

"व्हय. तीच."

दोघं लिंबाखालच्या कट्ट्यावर बसले. मावशींनी डबा उघडायच्या आधी विचारलं, "मटण-बिटण न्हाय न्हवं? आमच्यात चालत न्हाय."

"न्हाय, धपाटं हायती."

येताना गाडीत त्यानं बरंच काही जुळवलं होतं. आता त्यातलं काहीच आठवेना. "मावशी, तिची लाज राखली तुमी," एवढंच तो म्हणाला.

मावशी खात राहिल्या. "एक दिस आमाला बी कुनीतरी लागंलच की," त्या म्हणाल्या.

दुसरा धपाटा अर्धा झाला असेल, तोवर बुंध्याला टेकल्या टेकल्या त्यांचा डोळा लागला. कुमारनं मांडीवरचा डबा हळूच काढून घेतला. एक कुत्रं जवळ आलं, त्याला हाकललं. मावशींचं तोंड थोडं उघडं होतं. तोही गुडघ्यांवर कोपरं टेकून बसून राहिला.

वरच्या खिडकीतून हाक आली. "दाक्षायणी मावशी! बारा नंबरला या लवकर!"

झोपल्यात, म्हणून सांगावं असं त्याला वाटलं. तो उठलाही. पण बारा नंबरच्या खाटेशी चादरीचं टोक धरून कोण उभं असेल ते त्याला न बघता दिसलं. त्यानं मावशींच्या खांद्याला हात लावला.

"मावशी, बोलवत्यात."

त्या गुडघ्यावर हात रोवून उठल्या, नळाखाली हात धुतले आणि जिना चढू लागल्या. कुमारनं उरलेले धपाटे डब्यातल्या फडक्यात बांधून कट्ट्यावर राहिलेल्या त्यांच्या पिशवीत ठेवले आणि स्टँडची वाट धरली.