पाठमोऱ्या माणसांची होडी

मित्रांनो, मी फेरो बेटांवरची एक म्हातारी होडी आहे. सहा वल्ह्यांची, पाइनच्या लाकडाची. मी पुष्कळ मोठे दिवस पाहिले. पण सुरुवात एका अगदी साध्या दिवसापासून करते, कारण तसा दिवस पुन्हा आला नाही.

ऑगस्ट महिना होता. माझा मालक तुम्मास सुकाणू धरून मागे बसला होता. त्याची मुलगी सोल्रुन आणि शेजारचा म्हातारा दान्याल वल्हवत होते. सोल्रुन शहरात समुद्राच्या खोलीचे नकाशे करायची आणि सुट्टीत गवत कापायला गावी यायची. वल्हवणारा माणूस पाठमोरा बसतो. त्याला मागे पडलेला किनारा दिसतो, पुढची वाट सुकाणूवाल्याला दिसते. नवखा माणूस सारखी मान वळवतो आणि त्याचे वल्हे चुकते. सोल्रुन नवखी नव्हती, तरी तिची मान वळतच असे.

"मान लचकेल पोरी," तुम्मास म्हणाला. "खडक दिसतोय मला."

"तुम्हाला दिसतोय हो, बाबा. मला कुठे दिसतोय?"

"हिला सगळं आधी छापून हवं," दान्याल म्हणाला. "लग्नसुद्धा त्यापायीच राहिलं."

तिने हसत वल्ह्याने त्याच्यावर पाणी उडवले.

आमच्याकडे धक्का सोडला की वल्ही वर उचलतात, टोप्या काढतात आणि प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःला देवाच्या हवाली करतो. मगच पुढे जायचे. त्या दिवशीही सोल्रुनने टोपी काढली, ओठ हलवले. पण ओठांमागे शब्द नव्हते. हे मला कळत होते आणि तुम्मासलाही. त्याने तिला त्याबद्दल कधी विचारले नाही. चार चांगले कॉड मासे घेऊन आम्ही परतलो.

तुम्मासच्या वडिलांसाठी मला एका सुताराने बांधले. त्याच्याजवळ कागद नव्हता, आराखडा नव्हता. तो एक डोळा मिटून फळीकडे बघायचा आणि रंधा मारायचा. सांध्यांत त्याने डांबरात भिजवलेली लोकर ठासली. मी पाण्यात उतरले तेव्हा सारे गाव बघायला आले होते. माझ्याइतकी हलकी होडी त्या किनाऱ्यावर दुसरी नव्हती, हे मी आजही ताठ मानेने सांगते. मी मेंढ्या वाहिल्या, डॉक्टरला आणले, चार नवऱ्या मुली चर्चला पोहोचवल्या. सोल्रुनच्या आईला माहेरहून मीच आणले, आणि पुढे तिची शवपेटीही मीच नेली.

मग इंजिनाच्या होड्या आल्या. डोंगरातून बोगदा झाला आणि चर्चचे गाव मोटारीने दहा मिनिटांवर आले. मी छपराखाली पडून राहिले. तरी दर वसंतात तुम्मास मला डांबर लावायचा आणि महिन्यातून दोनदा तरी पाण्यात उतरवायचा.

त्या साध्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी तो कुरणातल्या दगडी भिंतीला टेकून बसला. सोल्रुन गवत उलटवत होती. हाक मारूनही तो उठला नाही.

पाद्रीबाईंनी फोनवर शवपेटी गाडीने चर्चला आणायचे सुचवले. सोल्रुन काही बोलायच्या आत दान्यालने सांगून टाकले की तुम्मासला बोगद्यात मळमळायचे, आता या वयात त्याला कशाला त्रास. त्यामुळे मान मला मिळाला. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी नीट पाण्यावर बसले नसेन.

आज मी चर्चजवळच्या छपरात आहे. जुन्या होडीला फार काही लागत नाही. वर्षातून एकदा डांबर आणि अधूनमधून पाणी. कोरडी ठेवलीत की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. देवावरच्या विश्वासाचेही तसेच असावे. तो वापरात ठेवावा लागतो. हे मला तुम्मासला नेले त्या दिवशी समजले.

मधोमध शवपेटी होती. गावातले पाच जण आणि सोल्रुन वल्ह्यांवर होते, सुकाणूवर तुम्मासच्या जागी दान्याल. अर्ध्या वाटेवर सामुद्रधुनीत धुके उतरले. आधी किनारा गेला, मग माझे नाकही कोणाला दिसेना. पुढे खडकांची रांग होती, आणि प्रवाह आम्हाला तिकडेच ओढत होता. त्यातून आत जायला एकच अरुंद वाट होती. सोल्रुनने ती वाट कागदावर कितीदा तरी रेखली होती.

"दान्यालकाका, दिसतंय ना?" तिने विचारले.

"नाही गं पोरी. आता मलाही नाही दिसत."

"मग काय करायचं?"

"थांबलो तर प्रवाह खडकावर नेईल. वल्हवायचं. तुझ्या बापाला काय, नेहमी दिसायचं असं वाटतं तुला? कितीदा तरी काही दिसत नसे त्याला. टोपी काढायचा आणि सुकाणू धरायचा."

वल्ही वर उचलली गेली. टोप्या निघाल्या. सोल्रुनची मान वळू लागली. खांद्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. तिने ती सावकाश सरळ केली. समोर वडिलांची पेटी होती. आमच्याकडे ही प्रार्थना कोणी मोठ्याने म्हणत नाही. ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी:

"देवा, मला पुढचं काही दिसत नाही, आणि आता मी बघणारही नाही. तू ने."