साहेब, इकडे या

मालिका बंद होणार ही बातमी आली तेव्हा मी प्रेताजवळ उभी होते, आणि सगळ्यांत आधी उठून बसलं ते प्रेत.

"कायमची?" त्याने विचारलं.

वाहिनीची बाई मुद्दाम त्यासाठी सेटवर आली होती. हातात फोन, आणि चेहऱ्यावर आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाचं हसू. "कायमची," ती म्हणाली. "पण धूमधडाक्यात! शेवटच्या भागातला शेवटचा प्रसंग आपण लाइव्ह दाखवणार. खुनी कोण, ते सगळ्यांना एकाच क्षणी कळणार."

झालं! रडायला कुणाला फुरसतच उरली नाही. लाइव्ह म्हणजे एकदा तोंडातून गेलं की गेलं, परत घेणं नाही. एवढी वर्षं चुकलो की पुन्हा, शिंकलो की पुन्हा, असं लाडात वाढलेले आम्ही. आमची पाचावर धारण बसली होती आणि त्याच वेळी अंगात नुसतं वारं शिरलं होतं. प्रेत तर उभंच राहिलं आणि त्याने आळस दिला.

आमची मालिका 'तपास चालू आहे.' शनिवार-रविवारी संध्याकाळी लागायची. सुरू झाली तेव्हा माझ्या लेकाचे दुधाचे दात पडत होते, आता तो दाढी करतो. एवढ्या काळात मी त्यात एकच काम केलं आणि एकच वाक्य बोलले. मी हवालदार. रक्ताळलेला सुरा असो, फुटलेलं घड्याळ असो, जे काही सापडायचं ते मलाच सापडायचं, आणि मी हाक मारायचे, "साहेब, इकडे या." साहेब यायचे, बघायचे आणि सगळं श्रेय घेऊन जायचे. आमच्या गल्लीतला भाजीवालासुद्धा मला लांबून बघून ओरडतो, "साहेब, इकडे या!" नवरा भांडणात पडती बाजू आली की हेच म्हणतो.

एक वाक्य तर एक वाक्य, त्याचंही मला काही वाटलं नसतं. पण माझा चेहरा कधी दिसायचा नाही. हाकेच्या वेळी कॅमेरा पुराव्यावर, आणि पुढे मी पाठमोरी, त्याला कारण साहेब.

साहेब म्हणजे इन्स्पेक्टरचं काम करणारे आमचे नायक. आवाज भारदस्त, भुवया अशा की नुसत्या उचलल्या तरी आरोपी अर्धा कबूल व्हावा. मनाने सोन्यासारखा माणूस. पण पाठांतराच्या नावाने आनंदीआनंद! स्वतःचा फोन नंबर ते बायकोला विचारतात. म्हणून त्यांची वाक्यं मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहायची आणि ती माझ्या छातीवर, वर्दीच्या खिशाला पिनेने लावायची. साहेब कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे, मी त्यांच्यासमोर, कॅमेऱ्याकडे पाठ करून. लोकांना वाटायचं, काय हा माणूस, हवालदाराशीसुद्धा किती मनापासून बोलतो! मनापासून कसलं, वाचत असायचे.

आणि चिठ्ठीत असेल ते वाचायचे. एकदा त्यांच्यासाठी कंसात सूचना लिहिली होती, 'दीर्घ श्वास.' साहेबांनी आरोपीवर बोट रोखलं आणि गरजले, "दीर्घ श्वास!" आरोपी इतका दचकला की त्याने एक पान आधीच गुन्हा कबूल केला. तेच दाखवलं गेलं, आणि लोकांना फार आवडलं.

मला मात्र त्यातून एक विद्या मिळाली. मान खाली घालून उलटी अक्षरं वाचायला मी शिकले. साहेब काय बोलणार हे साहेबांच्या आधी मला कळायचं.

आता घरचं सांगते. आमच्या सासूबाई मालिकेचा एक भाग चुकवायच्या नाहीत. शेजारच्या बाईंना हाताला धरून आणायच्या, टीव्हीसमोर बसवायच्या आणि मी आले की बोट दाखवायच्या, "ती बघा आमची सून."

"कुठे?"

"ती काय, पाठमोरी."

"पाठ काय हो," शेजारीण म्हणायची, "कुणाचीही असते."

दर आठवड्याला हेच. शेजारीण असेपर्यंत सासूबाई चेहरा हलू द्यायच्या नाहीत. ती गेली की माझ्यावर घसरायच्या. "एवढी वर्षं राबतेस तिथे, एकदा मागे वळता येत नाही तुला?"

मालिका बंद होणार हे मी घरी सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे आता ती जन्मभर म्हणणार. पाठच होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे मी ठरवलं. शेवटच्या भागात मी वळणार, माझं तोंड दिसणार, आणि खुन्याचं नाव मी घेणार. एकदाच.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला गाठलं. आम्ही त्याला 'कट' म्हणतो, कारण तो घरी बायकोलाही बोलताना मध्येच कट म्हणतो अशी वदंता आहे. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, कट म्हणाला नाही. "खरंच गं," तो म्हणाला, "सगळे पुरावे तूच शोधलेस. घे, खुन्याचं नाव तूच घे." मी घरी उडत गेले. सासूबाईंनी सगळ्या मजल्याला निमंत्रण केलं. शेजारणीला तर दारात उभं करून सांगितलं, "या वेळी ती वळणार आहे."

आणि चार दिवसांनी वाहिनीच्या बाईने ते वाक्य काढलं. "शेवटचा शब्द नायकाचा हवा," ती फोनमध्ये बघत म्हणाली. "या कोण आहेत, हे प्रेक्षकांना माहीत तरी आहे का?"

"तुम्ही दाखवलंत कधी?" मी म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले. कट आपल्या बुटांकडे बघत राहिला. वाक्य साहेबांकडे गेलं, आणि माझ्याकडे उरलं ते माझं नेहमीचंच. घरी मी काय सांगणार होते? काही सांगितलंच नाही. सासूबाई शेजारून खुर्च्या मागून आणत होत्या, त्यांना मी खुर्च्या लावायला मदत केली.

तो रविवार उजाडला आणि सेटवर कुणाचा पाय जमिनीवर ठरेना. बाहेर लोकांची गर्दी, आत फोन थांबायला तयार नाहीत. केबल, दिवे, चार कॅमेरे. दिवाणखान्याचा सेट, मधोमध गालिच्यावर प्रेत, आणि भिंतीशी तीन संशयित. डॉक्टर, माळी आणि मेहुणा. खुनी कोण हे फुटू नये म्हणून तीन चिठ्ठ्या तयार होत्या, तीन वेगवेगळ्या नावांच्या, आणि तिन्ही घडी घालून ठेवलेल्या. खरं नाव एकट्या कटला माहीत.

सुरू व्हायला थोडा वेळ राहिला तेव्हा कटने आम्हा नटांना मेकअपच्या खोलीत घेतलं, दार लावलं आणि कुजबुजला, "मेहुणा." मेहुण्याचं काम करणाऱ्याने दोन्ही मुठी हवेत उडवल्या. इतकी वर्षं तो निर्दोष सुटत आला होता बिचारा. साहेब त्या वेळी आरशासमोर मिशी चिकटवत होते. त्यांनी "हो हो" केलं. त्यांचा विश्वास कानांवर नव्हताच कधी, चिठ्ठीवर होता.

चिठ्ठी लावायचं काम कपड्यांच्या काकूचं. पण गुपित म्हणून तिला दाराबाहेर ठेवलेलं. मी बाहेर आले तशी तिने घाईने माझ्या खिशाला एक चिठ्ठी टोचली. तिला वाटलं, वरची आहे तीच खरी असणार. मला वाटलं, तिला कुणीतरी सांगितलं असणार. घडी उघडायची होती ती कॅमेरे सुरू झाल्यावरच.

लाल दिवा लागला.

मी प्रेताशेजारी वाकले, पेला उचलला, हुंगला, आणि हाक मारली, "साहेब, इकडे या."

साहेब आले. काय चाल होती ती त्या दिवशी! मी त्यांच्यासमोर उभी राहिले, कॅमेऱ्याकडे पाठ केली, चिठ्ठीची घडी उघडली. साहेबांनी भुवया उचलल्या आणि सुरुवात केली, "या घरात एक माणूस असा आहे, ज्याने विश्वासाचाच गळा घोटला."

मी सवयीने मान खाली घातली आणि पुढची ओळ उलटी वाचली. 'तो माणूस म्हणजे, डॉक्टर!'

डॉक्टर? विषाची बाटली मेहुण्याच्या खिशात. कटने ती मेकअपच्या खोलीत आमच्यादेखत त्याच्या डाव्या खिशात टाकलेली, दोन मिनिटांत झडतीत निघणार. आणि साहेब सगळ्या जगासमोर डॉक्टरला पकडणार! एवढे खून उलगडले आम्ही, आणि जाता जाता चुकीचा माणूस आत टाकणार.

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, बोलू दे. शेवटचा शब्द नायकाचा हवा ना? घ्या मग. वाहिनीची बाई कॅमेऱ्यामागे हाताची घडी घालून उभी होती, तिची कशी फजिती होते ते बघायला मला फार आवडलं असतं. पण मग साहेबांकडे बघितलं. ते डोळे बारीक करून, लहान मुलाने पुस्तक वाचावं तसं, माझ्या खिशावर विसंबून वाचत होते. या माणसाचा शेवटचा दिवस असा नासू द्यायचा? आणि मालिका काय एकट्या वाहिनीची होती?

"तो माणूस म्हणजे," साहेब म्हणाले, आणि दम घ्यायला थांबले.

मी चिठ्ठी खस्सकन ओढली. पीन निघाली, खिसा फाटला. "साहेब, इकडे या!" मी म्हणाले, आणि त्यांचा दंड धरून त्यांना गर्रकन फिरवलं. आता त्यांची पाठ कॅमेऱ्याकडे आणि माझं तोंड दिव्यांसमोर. बाप रे, काय उजेड असतो तो! इतकी वर्षं साहेब त्या उजेडात उभे होते, मला कल्पनाच नव्हती. मी सरळ कॅमेऱ्यात बघितलं आणि सगळा जीव गोळा करून म्हणाले, "खुनी मेहुणा आहे. विषाची बाटली त्याच्या डाव्या खिशात आहे. मला सापडली आहे."

मेहुणा हबकला. ते वाक्य साहेबांकडून यायचं होतं, आणि आलं भलतीकडून. नंतर सगळे म्हणाले काय अभिनय केला, पण तो अभिनय नव्हता. त्याचा हात आपोआप डाव्या खिशाकडे गेला.

आता अटक. "याला बेड्या घाला" हे साहेबांचं वाक्य चिठ्ठीच्या तळाला होतं, आणि चिठ्ठी माझ्या मुठीत चोळामोळा होऊन बसली होती. साहेबांनी माझ्या खिशाकडे बघितलं. तिथे नुसतं भोक. त्यांनी भिंतीकडे बघितलं, छताकडे बघितलं. कॅमेऱ्यामागे कट दोन्ही हातांनी हवेत काहीतरी लिहून दाखवत होता. काकूने तोंडावर पदर घेतला होता.

आणि एकाएकी साहेबांचा चेहरा उजळला. ते मेहुण्याकडे वळले, भुवया उंच केल्या, आणि त्या खर्जातल्या आवाजात म्हणाले, "साहेब... इकडे या."

एवढ्या वर्षांत त्यांना पाठ झालेलं एकच वाक्य, आणि ते माझं!

मेहुणा मुकाट्याने आला. मी बेड्या घातल्या. गालिच्यावरच्या प्रेताचं पोट गदागदा हलत होतं, ते मी वर्दीच्या टोपीने झाकलं. लाल दिवा विझला.

मग जो गिल्ला झाला! कट खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, काकू माझ्या गळ्यात पडून "मी मेले, मी मेले" करत होती, डॉक्टर आणि माळी एकमेकांना मिठ्या मारत होते. साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. "बाई," ते म्हणाले, डोळे भरून आले होते त्यांचे, "तुमचं वाक्य फार सोपं आहे हो. उगाच मी मोठमोठी बोलत बसलो."

गर्दीतून वाहिनीची बाई माझ्याकडे आली. मी कंबर कसून तयारच होते. पण तिचा नूर वेगळा होता. "फोनवर फोन येतायत," ती म्हणाली. "त्या हवालदार कोण, विचारतायत. अहो, तुमचं नाव काय?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने विचारलं. मी उत्तर देणार तेवढ्यात माझाच फोन वाजला. घरून होता. मी तिला बोटाने थांबायची खूण केली. ती थांबली.

फोनवर नुसता कल्ला. खुर्च्या सरकल्याचे आवाज, लेकाची शिट्टी, आणि नवरा "साहेब, इकडे या" असं ओरडत होता. त्या सगळ्यात शेजारणीचा आवाज मी ओळखला. "अगंबाई, ही तर तुमचीच सून! पाठीवरून नव्हतं हो वाटलं."

"हॅलो," मी म्हणाले, "सासूबाई?"

आधी नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"दिसलीस गं," त्या म्हणाल्या. "आता खुशाल बंद करा म्हणावं त्यांना."