सुईला आलेली भोवळ

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शिरली असतीच, तर बाबांनी तिचीही भोवळ काढली असती. भोवळबाबांची पद्धत सोपी होती. जमिनीपर्यंत चादर लोळणारं ठेंगणं टेबल, त्यावर पाण्याची पितळी परात, पाण्यात बुचावर तरंगणारी सुई. बाबा रोग्याच्या डोक्यावर हात ठेवत आणि सुई गरगरू लागे. म्हणजे भोवळ सुईत उतरली. सुई थांबली की रोगी बरा. रोग्याला विचारायची पद्धत नव्हती.

टेलरबाईला धास्ती होती ती त्याचीच. गेली काही वर्षं तिचं डोकं गरगरत होतं. मेंदूत असं धुकं दाटायचं, की हातातल्या कात्रीला कात्री म्हणायचं सुचत नसे. तपासण्यांत सगळं उत्तम निघालं होतं, तब्येत सोडून. आत्याने तिला इथे ओढत आणताना बजावलं होतं, सुई थांबल्यावरही चक्कर आली तर घरात ते नाटक समजलं जाईल.

"लहरी उलट्या वाहताहेत," बाबा म्हणाले. "पोटातलं धुकं मेंदूत चढलंय." त्यांनी तिचं डोकं असं दाबलं, की कॉलरला खोचलेली टाचणी खाली पडली. सुई फिरली, दमली, थांबली. "बरी झालीस. ऊठ."

"माझी टाचणी," टेलरबाई म्हणाली.

वाकलं की तिला जमीन अंगावर येताना दिसे. म्हणून टाचण्या उचलायची वस्तू ती दोरीला बांधून कमरेला लावी. ती तिने खाली सोडली. वस्तू टाचणीला सोडून चादरीखाली घुसली आणि खट्कन चिकटली. तिने दोरी ओढली, तर बाबांचा पाय बाहेर आला. मोज्यासकट.

आजवर लोक बाबांचे पाय धरत आले होते. आज पायच धरला गेला होता. बाबांना तो काढता घेता येईना.

"हे गं काय?" आत्याने विचारलं.

"ते... लोखंडाला ओढतं ते..." शब्द धुक्यात हरवला. ती शांतपणे थांबली. सगळं सभागृह तिच्यासाठी शब्द शोधू लागलं.

"लोहचुंबक," मागून कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले.

"तेच. यांच्या मोज्यातही आहे." तिने आपला चुंबक सोडवला आणि टेबलाखालून फिरवला. सुई मुकाट्याने गरगरली.

आत्याचा आवाज खाली आला. "मग तुझी चक्कर?"

"आहे."

"कशानं येते?"

"माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही, पण त्या तसं सांगतात आणि शोधत राहतात. न शोधता जो भोवळ काढून देतो, त्याचे आधी मोजे काढा. आणि मला चक्कर आली तर खुर्ची द्या, आत्या. नाटक म्हणू नका."

ती उठली. सभागृह नेहमीसारखं गरकन फिरलं. परातीतली सुई मात्र जागची हलली नाही. आत्याने एकदा सुईकडे पाहिलं, एकदा भाचीकडे, आणि खुर्ची पुढे सरकवली.