पैकीच्या पैकी

काकूंनी वाकून जमिनीवरची चप्पल उचलली, फिजिओच्या हातात दिली आणि विचारलं, आता ही पायात घालायची का परत ठेवायची? फिजिओला हसू आवरेना. डोळे मिटून उभं राहणं झालं होतं, जागच्या जागी गोल फिरणं झालं होतं, पावलापुढे पाऊल ठेवून थांबणंही झालं होतं. एका पायावर तर काकू अशा उभ्या राहिल्या, की जणू रांगेत नंबर लागायची वाट बघत असाव्यात. तोल मोजायच्या त्या चाचणीत त्यांना पैकीच्या पैकी गुण पडले.

अडचण एवढीच होती, की काकू पडत होत्या. घराच्या पायरीवर पडल्या, फाटकापाशी पडल्या, आणि मागच्या आठवड्यात भर रस्त्यात. डावा हात कोपरापासून खांद्यापर्यंत काळानिळा झाला होता. मुलीने निर्वाणीचं सांगितलं होतं, की आता पुन्हा पडलीस तर तुला माझ्याकडे नेणार. तिच्या घरात जागा एका माणसाची. म्हणजे काकांनी मुलाकडे जायचं. काकांची बस मुक्कामी असायची तेवढ्याच रात्री काय त्या दोघांनी जन्मात वेगळ्या काढल्या होत्या, आणि त्यासुद्धा कुरकुरत.

फिजिओने आपण दिलेले गुण न सांगता तीच चाचणी विभागातल्या मोठ्या मॅडमना घ्यायला लावली. मोठ्या मॅडम फुकटचा गुण देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांचेही तेवढेच आले.

"दोघींचे जुळले, म्हणजे चाचणी भरवशाची आहे," त्या म्हणाल्या. "पण या ज्यामुळे पडतात ते ती मोजते का, ते बघ. वजनकाटा कितीही चोख असला तरी त्यावर ताप कळत नाही."

फिजिओ विचार करत काकूंना दारापर्यंत सोडायला गेली. बाहेर बाकावर काका बसले होते. ते उठले, खरं तर दुसऱ्या खेपेला उठले, आणि त्यांनी काकूंचा डावा कोपर धरला. काकूंना मागे अर्धांगाचा झटका येऊन गेला तेव्हापासून हे काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. सगळी नोकरी बस चालवण्यात गेलेली, बायकोलाही ते तशीच चालवत. डावीकडे घे, पुढे उंचवटा आहे, हळू. वळणावर त्यांचाच पाय घसटला, गुडघा दुमडला आणि सगळा भार काकूंच्या कोपरावर आला. काकू डावीकडे कलंडल्या, उजव्या हाताने भिंतीचा कठडा पकडून कशाबशा सावरल्या.

"बघितलंत?" काका फिजिओला म्हणाले. "मी होतो म्हणून."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. चाचणी काकूंना एकटीला उभं करत होती आणि काकू एकट्या कधी चालतच नव्हत्या. रक्तदाब बघायचा राहिला, असं काहीतरी सांगून फिजिओने काकूंना तेवढं परत आत घेतलं. ती काकांच्या पायाबद्दल बोलायला लागली, तर काकूंना नवल असं वाटलंच नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"त्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या.

फिजिओने पुढच्या पडण्याची, मुलीच्या धमकीची आठवण करून दिली. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"हे निवृत्त झाले आणि खिडकीपाशी बसले. जेवायलासुद्धा हाक मारून उठवावं लागायचं. मला झटका आला आणि हा माणूस उठला. आता मी बरी झालेय म्हटलं, तर परत बसेल."

 त्या रात्री फिजिओ घरी नीट जेवली नाही, पण तिला एक युक्ती सुचली.

दुसऱ्या दिवशी तिने काकांनाही आत बोलावलं. काकूंना व्यायाम घरी समोर उभं राहून करून दाखवणारं कुणी हवं, तुम्हाला जमेल का, असं विचारलं. न जमायला काय झालं, म्हणत काकांनी बाह्या सरसावल्या. दोघं आधाराच्या दोन बारच्या मध्ये समोरासमोर उभे राहिले. फिजिओने एक पाय उचलायला सांगितलं. काकूंनी उचलला. काकांनी उचलला आणि लगेच टेकला. पुन्हा उचलला, आणि दोन्ही हातांनी बार गच्च धरावा लागला. काकू मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या.

काका काही दुधखुळे नव्हते. जन्मभर आरशात बघून मागचं ओळखलेलं. त्यांची नजर काकूंच्या काळ्यानिळ्या हातावर गेली आणि तिथेच राहिली.

"अगं," ते म्हणाले, "तू पडायचीस, ती माझ्यामुळे का?"

फिजिओ उगाचच कोपऱ्यातली चटई सरळ करायला गेली.

काकूंनी पाय सावकाश खाली ठेवला. "मला एकटीला चालता येतं," त्या म्हणाल्या. "पण एकटीने जायचं कुठे होतं मला?"

 काकांनी बारवरची पकड नीट केली, पाय उचलला. टेकला. पुन्हा उचलला.

"मॅडम," फिजिओकडे न बघताच त्यांनी विचारलं, "हे दिवसातून किती वेळा करायचं?"