एका टाक्याचा ऑपेरा

मी एक जुनी, हाताने लिहिलेली ऑपेराची प्रत आहे. मित्रांनो, सांगताना संकोच वाटतो, पण इटलीतल्या नेपल्स शहराच्या संगीताचा इतिहास मी बदलला. म्हणजे एका संध्याकाळपुरता. तोही एक टाका उसवला म्हणून.

आनिएल्लो नावाच्या नकलनवीसाने मला लिहिले. त्याच्या दुकानाखाली मासळीवाला होता. माझ्या पहिल्या अंकाला अजून जरा वास येतो.

फुल्जेन्त्सियो मास्तरांचा हा पहिलाच ऑपेरा. दुसऱ्या अंकातले विरहाचे पद त्यांनी जीव ओतून रचले होते. साथीला फक्त हार्प्सिकॉर्ड हे पियानोसारखे पट्ट्यांचे वाद्य आणि गजाने वाजणारा चेलो. नेपल्सने ते एकदा तरी ऐकावे, एवढीच त्यांची इच्छा होती. पण मुख्य गायिका ओर्सोलाबाईंनी तालमीत ते पाठ केले आणि मग नाक मुरडले.

"हे रडगाणं मी नाही गाणार. माझं वादळाचं पद घाला."

त्या काळी प्रत्येक मोठी गायिका आपले हमखास टाळ्यांचे पद बरोबर बाळगायची आणि कुणाच्याही ऑपेरात घुसवायची.

"बाई, त्यात जहाज बुडतं. आपली गोष्ट वाळवंटात घडते हो!"

"बुडू द्या. नेपल्सला जहाज कळतं, तुमचं रडणं नाही कळत."

नाकारलेली पाने फाडायची नाहीत, कडेने शिवून बंद करायची, अशी नकलनवीसांची रीत. आनिएल्लोने वादळ जोडले आणि विरहाला एक टाका घातला.

"अहो, एवढाच?" बायको कार्मोसिना म्हणाली.

"बाईंचं मन अजून दहादा बदलेल. दर वेळी उसवत कोण बसणार?"

पहिल्या प्रयोगाला रिवाजाप्रमाणे हार्प्सिकॉर्डवर खुद्द मास्तर बसले. नाट्यगृहाच्या वरच्या कक्षांत लोक सरबताचा बर्फ खात पत्ते खेळत होते. दुसऱ्या अंकात मास्तरांनी पान उलटले, टाका उसवला आणि त्यांचेच पद समोर उघडले. क्षणभर त्यांचे हात थांबले. मग त्यांनी तेच वाजवायला घेतले. त्यांच्या खांद्यावरून वाचणारा चेलोवाला मागोमाग गेला. बाकीचे वादक गज उचलून वादळाची वाट पाहत राहिले.

"मास्तर, वादळ!" बाई दातओठ खात पुटपुटल्या.

"पान सापडत नाहीये, बाई."

बाई गायल्या. आधी रागाने, मग राग विसरून. पत्ते खाली पडले, बर्फ वितळला. पद संपल्यावर टाळ्यांचा असा गजर झाला की माझी पाने आपोआप उलटली. लोकांनी ते पुन्हा गायला लावले, आणि पुन्हा. मास्तरांना खांद्यावर बसवून घरी नेले. ते लहान मुलासारखे रडत होते.

"मी पहिल्यापासून म्हणत होते, हेच पद ठेवा," बाई सर्वांना सांगत होत्या.

आता मी एका ग्रंथालयात असते. मित्रांनो, जुनी पाने फाडू नका, जपा. न जाणो, त्यातच कुणाचा तरी जीव ओतलेला असेल.

माझी ती पाने ओर्सोलाबाईंनी दुसऱ्याच दिवशी कात्रीने कापून नेली, पुढच्या कुणाच्या तरी ऑपेरात घुसवायला.