स्टिकरची लिफ्ट

“हे तर स्टिकर आहे,” नवरा म्हणाला.

मी खिडकीशी बसून कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होते. मान वर न करताच विचारलं, “कसलं स्टिकर?”

“लिफ्टचं.”

आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही जेवत नाही. तिथे त्या दिवशी एक हॉटेल दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं होतं. प्लॅस्टिकच्या विटांचं, चार मजली, तीन हजार तुकड्यांचं. त्यासाठी ह्यांनी ऑफिसातून दोन दिवस रजा काढली होती. चिमट्यात धरलेला चिटोरा त्यांनी माझ्यासमोर आणला. नखाएवढी दोन राखाडी दारं, शेजारी वर-खाली जाणारे बाण. ते भिंतीला चिकटवायचं. मागे काही नाही, नुसती भिंत.

“मग चिकटवा,” मी म्हटलं.

बावन्न वर्षांचा माणूस खेळण्यापायी रडवेला झालेला बघायची मला हौस नव्हती. मी मशीन जोरात चालवलं.

हे हॉटेल यावं म्हणून तीन वर्षं चौदा माणसांनी डोकं खाल्लं होतं, एकमेकांचं आणि त्या कंपनीचं. ह्या मंडळींचं एक मंडळ आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमतात. कुणी वकील, कुणी विमा कंपनीतला साहेब, एक गुराढोरांचा डॉक्टर. घरचा बल्ब बदलायला माणूस बोलावणारे हे लोक तिथे टेबलं जोडून गाव वसवतात. कंपनी दर वर्षी त्या गावातली एकच नवी इमारत काढते. मग वर्षभर ह्यांना दुसरा विषय नाही. पुढची कोणती? कोपऱ्यावरची की मधली? छत निळं की हिरवं? वर्षाला एक पुरत नाही, दोन काढा, जमल्यास तीन काढा, अशी विनंतीपत्रं लिहितात. खाली चौदा सह्या.

मी एकदा ते गाव नीट पाहिलं आहे. पुस्तकांची दुकानं दोन, फुलांची तीन, केकची चार. दवाखाना नाही, धोबी नाही, शिंपी तर नाहीच. सगळं गाव केक खाऊन, फुलं हुंगून, उघडंनागडं पुस्तकं वाचत बसणार. हे मी बोलूनही दाखवलं होतं. कुणी हसलं नाही. एकाने वहीत ‘शिंपी’ लिहून घेतलं.

मंडळाचा अध्यक्ष दातांचा डॉक्टर. त्याला सगळे महापौर म्हणतात. आधी चेष्टेने म्हणायचे. मग त्याला ते खरं वाटायला लागलं, तेव्हापासून आदराने म्हणतात. त्याच्या खालोखाल खोकेवाला, तो विम्याचा साहेब. त्याच्याकडे एक्केचाळीस इमारती आहेत आणि एकही खोकं त्याने उघडलेलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “वहिनी, उघडलं की संपलं.” त्याचा संसारही बहुधा असाच चालला असावा.

आणि ह्या सगळ्यांत आमचे हे. खुर्च्या लावणारे, टेबलं पुसणारे. आमची मुलगी लग्न होऊन गेली, तिच्या खेळण्यांचं खोकं माळ्यावरून काढलं, तिथून ह्यांना हा नाद लागला. इतक्या वर्षांत ह्यांची मंडळाकडे एकच मागणी होती: एखाद्या इमारतीत लिफ्ट असावी. वरखाली होणारी. दर वर्षी ती यादीत शेवटून पहिली असायची आणि पत्र लांबतंय म्हणून महापौर ती खोडायचा. “आपलं गाव जुन्या पद्धतीचं आहे हो,” म्हणायचा. “लिफ्टने त्याची मजा जाते.”

मग ह्या हॉटेलचं चित्र आलं, आणि त्यात तळमजल्यावर लिफ्टची दारं दिसली. त्या आठवड्यात हे घरात शीळ घालत फिरत होते. लग्नानंतर मला पहिल्यांदा कळलं की ह्यांना शीळ घालता येते.

आता हे फोनवर महापौराशी बोलत होते. “मागे काहीच नाही हो. जागासुद्धा ठेवली नाहीये.”

पलीकडचा आवाज मला मशीनपाशी ऐकू येत होता. “अहो, दार आहे ना? समोरून दिसतंय ना? मग झालं तर! आणि ते चिकटवताना वाकडं नका चिकटवू हं.”

ह्यांनी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. चिकटवलं नाही मात्र.

माझा नवरा लिफ्टवाला. बावीस वर्षं त्याने लिफ्ट बसवल्या आणि दुरुस्त केल्या. हे काम जोडीने चालतं. एक जण वर केबिनच्या टपावर चढतो, दुसरा खाली उभा राहून कळ सांभाळतो. ह्यांचा जोडीदार बोलका होता, पुढचे दोन दात पडलेला. आमच्याकडे यायचा तेव्हा माझ्या शिवणातली चूक शोधून दाखवायचा आणि ती खरंच चूक असायची. अकरा वर्षांपूर्वी एका गोदामाच्या जुन्या, माल चढवायच्या लिफ्टला ग्रीस लावायला तो टपावर चढला होता. दोर तुटला. दोर तुटला तर केबिन जागच्या जागी पकडायला खाली ब्रेक असतो. तो गंजला होता. हे खाली होते.

त्यानंतर हे कधी लिफ्टच्या खड्ड्यात उतरले नाहीत. कंपनीने फोनवर बसवलं. लोक लिफ्टमध्ये अडकतात, आतलं बटण दाबतात, तो फोन ह्यांच्याकडे येतो. माणूस पोचेपर्यंत ह्यांनी बोलत राहायचं. एकदा मी डबा द्यायला गेले होते तेव्हा कुणी बाई चाळीस मिनिटं अडकलेली होती आणि श्वास लागल्यासारखी ओरडत होती. हे शांतपणे म्हणत होते, “ताई, तुमच्या पिशवीत काय काय आहे? एकेक बाहेर काढा आणि सांगा मला. घाई नाही.” बाई किल्ली म्हणाली, रुमाल म्हणाली, गोळ्यांची पट्टी म्हणाली. पिशवी रिकामी झाली तेव्हा हे म्हणाले, “आता परत भरू.” ती परत भरून होईतो माणूस पोचला. घरी तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस दिवसभर परक्यांशी बोलत बसतो, याचा मला तेव्हा रागच आला होता.

हॉटेल तसंच अर्धवट ठेवून ह्यांनी स्वतःची इमारत बांधायला घेतली. चार महिने. उरलेल्या, जुळत नसलेल्या विटांची. राखाडी, तपकिरी, मधेच एक पिवळी ओळ, कारण तपकिरी संपल्या. ना छज्जा, ना फुलांची कुंडी. गोदामाच्या मागच्या बाजूसारखी दिसत होती. माझी दोऱ्याची रिळं गायब व्हायला लागली.

“माझा जाड काळा दोरा कुठे गेला?”

“लिफ्टला लागला.”

“गिऱ्हाइकाच्या कोटाचा होता तो!”

“दुसरा तुटतो,” हे म्हणाले. जणू त्याने माझं समाधान व्हायचं होतं.

मी काय काय बोलले ते सगळं इथे सांगत नाही. मुलीला फोन करून नक्कल करून दाखवली, तीही हसली. एकदा मुद्दाम जवळ जाऊन विचारलं, “मग, माणसं बसतात का ह्यात?”

“एक आहे.”

“कुठे? केबिन तर रिकामी दिसतेय.”

“आत नाही. टपावर.”

पाहिलं तर पिवळं हेल्मेट घातलेलं बोटभर बाहुलं टपावर उभं केलं होतं. मी “बरं” म्हणून कुकर लावायला गेले. काही कळलं नाही असं म्हणणार नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

मंडळाचं वर्षाचं प्रदर्शन एका रविवारी सकाळी होतं. हे चष्मा विसरून गेले म्हणून मला जावं लागलं. हॉलमध्ये बारा टेबलांवर गाव पसरलं होतं, नवीन हॉटेल मधोमध. महापौर इकडून तिकडे फिरत होता. ह्या माणसाला दुसऱ्याच्या दातातली फट दिसते, पण स्वतःच्या पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच लांब आहे हे दिसत नाही. आमचे हे दाराशी नोंदवही घेऊन बसले होते. आलेल्यांची नावं लिहायची आणि हात लावू नका म्हणून सांगायचं.

“चष्मा,” मी म्हटलं. “आणि तुमची बिल्डिंग कुठाय?”

“आहे.”

“दिसत नाही.”

ह्यांनी पेनाने दाखवलं. टेबलावरची चादर जमिनीपर्यंत सोडली होती, तिच्यामागे. रिकामी खोकी आणि चपला ठेवल्या होत्या तिथे.

महापौर लगबगीने आला. “नमस्कार वहिनी. त्याचं काय आहे, बारा वाजता फोटो काढायचाय. तो कंपनीला जाणार. आपण ह्या वेळी वर्षाला दोन इमारती मागतोय ना, तेव्हा सगळं कसं एकसारखं, अधिकृत दिसायला हवं. ह्यांची छान आहे, मेहनत आहे, पण मधेच ठिगळ लावल्यासारखी दिसते.”

“ठिगळ,” मी म्हटलं.

“म्हणजे वाईट अर्थाने नाही.”

“डॉक्टर, मी शिवणकाम करते. ठिगळ कुठे लावतात माहितीय? जिथे फाटलेलं असतं तिथे.”

मी खाली वाकले, चपला बाजूला सारल्या आणि ती इमारत ओढून काढली. चांगली जड होती. नोंदवहीवरच ठेवली. “दाखवा,” मी ह्यांना म्हटलं.

“राहू दे गं.”

“दाखवा म्हणते ना.”

ह्यांनी चष्मा घातला. मागची छोटी मूठ फिरवायला लागले. माझ्या काळ्या दोऱ्यावर केबिन वर चढायला लागली. पहिला मजला, दुसरा, तिसरा. टपावर ते पिवळ्या हेल्मेटवालं बाहुलं. हॉटेलपाशी उभी असलेली दोन-चार माणसं इकडे वळली. काठी टेकत आलेली एक म्हातारी अगदी नाक लावून बघायला लागली. “खरीच जाते की वर!” ती म्हणाली.

“कात्री आहे?” ह्यांनी मला विचारलं.

माझ्या पर्समध्ये कात्री नाही असं कधी होत नाही. मी दिली. वरच्या चाकाजवळ दोरा ताणलेला होता, तिथे ह्यांनी कात्री धरली. मग कापला.

केबिन बोटभर खाली आली. टक्क आवाज झाला. आणि ती थांबली. तिसऱ्या मजल्याच्या किंचित खाली, सरळ. टपावरचं बाहुलं हललं, पण पडलं नाही.

ह्यांनी कात्री खाली ठेवली आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय लागतं?

“किती तुकडे लागले?” खोकेवाल्याने विचारलं. “आणि हे मिळतं कुठे?”

“मिळत नाही,” हे म्हणाले.

महापौराने लोक जमलेले पाहिले आणि त्याचा चेहरा एकदम बदलला. “वा, वा! कल्पना उत्तम आहे! असं करू, ह्या वर्षीच्या पत्रात पहिलीच मागणी टाकू: चालणारी लिफ्ट, ब्रेकसकट. फोटोतही घेऊ ही. इथे, केकच्या दुकानामागे, थोडी आडोशाला. काय?” त्याने इमारतीला हात घातला.

“हात लावू नका,” हे म्हणाले. सकाळपासून आलेल्या प्रत्येकाला सांगत होते तसंच, हळू आवाजात.

“अहो, तुमचीच मागणी होती ना?”

“होती. आता नको. कंपनीने काढावी असं नाही वाटत मला.”

“म्हणजे? मग केलीत कशाला?”

ह्यांनी नोंदवही इमारतीखालून हळूच ओढून काढली, पेन तिच्यात घालून महापौराच्या हातात दिली. महापौर ती घेऊन उभा राहिला. आपल्याला कुणीतरी वही धरायला दिली आहे हे कळायलाच त्याला वेळ लागला. पाठीमागून फोटोवाला सगळ्यांना जवळ सरकायला सांगत होता, आणि ते सरकत होते. तेरा मोठी माणसं, केकच्या दुकानांमागे, पोट आत घेऊन.

मला त्या लोकांबद्दल आजही काही चांगलं वाटत नाही. पण त्यांना हसताना एक गोष्ट मधे येते. ह्यांची इमारत त्यांनी एक दिवस चादरीमागे ठेवली. मी चार महिने ती डोळ्यांसमोर असून पाहिली नव्हती.

आम्ही बसने घरी निघालो. मागच्या बाकावर जागा मिळाली. इमारत ह्यांच्या मांडीवर होती आणि तिची एक बाजू माझ्या गुडघ्याला लागत होती. समोरच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं. “नातवासाठी का हो?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “ह्यांनी बनवलीय.”

ती पुढे वळली. दोन थांबे गेले. हे खिडकीबाहेर बघत होते.

“त्या दिवशी वर चढायची पाळी माझी होती,” हे म्हणाले. “माझा गुडघा दुखत होता. तो म्हणाला, तू थांब खाली.”

अकरा वर्षांत हे मला पहिल्यांदा कळत होतं. मी सरकून बसले आणि इमारत माझ्या मांडीवर घेतली, अर्ध्याहून थोडी जास्तच.